तेवीस दिवसांचा संप, बारा वर्षांचा पाठपुरावा : दक्षिण कोरियातील रेल्वे कामगारांचे प्रकरण

दक्षिण कोरियातल्या रेल्वे कामगारांनी ९ डिसेंबर २०१३ रोजी काम थांबवले आणि ३१ डिसेंबरला ते कामावर परतले. तोवरच्या कोरियन रेल्वेच्या इतिहासातला हा सर्वांत लांबलेला संप. जे थांबवण्यासाठी तो केला ते थांबले नाही. नव्या वेगवान मार्गावरच्या गाड्यांसाठी वेगळी कंपनी स्थापन झाली, तिला परवाना मिळाला आणि तीन वर्षांनी तिच्या गाड्याही धावू लागल्या. तरी हा संप हरला असे सरळ म्हणता येत नाही, कारण त्यातून निघालेले खटले आणि तक्रारी पुढे बारा वर्षे चालल्या आणि त्यातल्या बऱ्याच कामगारांच्या बाजूने लागल्या. जगभरच्या कामगार संघटनांनी या संपाला पाठिंबा दिला होता. तो कुठे उपयोगी पडला आणि कुठे वाया गेला, हे इथे तारखांसकट तपासता येते. रेल्वे कामगारांच्या संघटनेच्या पदाधिकाऱ्यांची नावे मुद्दाम वगळली आहेत.

पार्श्वभूमी

कोरियन रेल्वे आधी थेट सरकारी खाते होते. २००४ मध्ये रूळ आणि बांधकाम वेगळ्या प्राधिकरणाकडे गेले, आणि १ जानेवारी २००५ पासून गाड्या चालवण्याचे काम 'कोरेल' या सरकारी महामंडळाकडे आले. मधल्या काळात, १ एप्रिल २००४ ला, केटीएक्स ही वेगवान गाडी सुरू झाली. महामंडळाचा नफा मुख्यतः याच गाडीतून येतो आणि तोट्यातले आडमार्ग त्याच पैशावर चालतात. पुढचे सगळे भांडण या एका वाक्याभोवती फिरते.

सोल शहराच्या आग्नेय भागात सुसो नावाचे नवे टर्मिनस व्हायचे होते. तिथून निघणारा नवा मार्ग जेमतेम ६१ किलोमीटरचा आणि बहुतेक बोगद्यातून जाणारा. त्यापुढे गाड्या जुन्याच वेगवान मार्गावर चढणार होत्या. २०११ च्या अखेरीस तेव्हाच्या सरकारने या गाड्या खासगी कंपनीकडे देण्याचा बेत पुढे आणला. विरोध इतका झाला की तो बाजूला ठेवावा लागला. २०१३ मध्ये राष्ट्राध्यक्षा पार्क गुन-हे यांच्या सरकारने तोच मार्ग दुसऱ्या रूपात आणला. आता कंपनी वेगळी असणार होती, पण तिचे ४१ टक्के भाग (शेअर) कोरेलचे आणि उरलेले ५९ टक्के सार्वजनिक निधींचे. भाग खासगी हातात जाणार नाहीत अशी अट कंपनीच्या नियमावलीत घालू, असे सरकारने सांगितले.

संघटनेचे म्हणणे असे होते. सोलच्या सधन दक्षिण भागातले प्रवासी नव्या कंपनीकडे गेले की केटीएक्सचे उत्पन्न घटेल, मग आडमार्ग 'परवडत नाहीत' म्हणून बंद होतील किंवा विकले जातील. आणि नियमावलीतली अट भागधारकांच्या ठरावाने बदलता येते, तेव्हा बंदी घालायची तर कायद्यातच घाला. हा मुद्दा बिनतोड होता. सरकारने शेवटपर्यंत तसा कायदा केला नाही.

अडचण नेमकी कुठे होती

बाहेरच्या माणसाला वाटते की प्रश्न खासगीकरणाचा होता. संघटनेपुढची रोजची अडचण मात्र संप करण्याच्या हक्काची होती. कोरियन कायद्यात चार गोष्टी एकमेकींना जोडून काम करतात.

पहिली, फौजदारी कायद्याचे कलम ३१४, म्हणजे 'व्यवसायात अडथळा आणणे'. शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दीड कोटी वॉनपर्यंत दंड. कोणाला हात न लावता, फक्त कामावर न येण्याबद्दलही हे कलम लावले जात असे. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने त्याला थोडी मर्यादा घातली. मालकाला अंदाजच येणार नाही अशा वेळी अचानक संप झाला आणि त्याने भारी नुकसान झाले, तरच गुन्हा.

दुसरी, 'वैध उद्देश'. वेतन आणि कामाच्या अटींसाठीचा संप वैध. कंपनीची पुनर्रचना किंवा खासगीकरण हा व्यवस्थापनाचा अधिकार, त्याविरुद्धचा संप अवैध. न्यायालये अशीच भूमिका घेत आली होती. म्हणजे संपाचे खरे कारण उघड बोलले की संप बेकायदा ठरण्याची वाट मोकळी.

तिसरी, रेल्वेसारख्या सेवांत २००८ पासून लागू झालेली 'अत्यावश्यक सेवा राखण्याची' तरतूद. ठरलेल्या प्रमाणात गाड्या चालल्याच पाहिजेत आणि त्यासाठी कोण कामावर राहणार त्यांची यादी संघटनेने द्यायची. दिली नाही तर मालक स्वतः माणसे नेमतो. शिवाय अशा सेवांत संपकऱ्यांच्या निम्म्या संख्येपर्यंत बदली माणसे घेण्याची मुभा आहे.

चौथी गोष्ट सगळ्यांत जाचक. संप संपल्यावर संघटनेवर आणि पदाधिकाऱ्यांवर नुकसानभरपाईचा दावा, आणि निकाल लागण्याआधीच मालमत्तेवर जप्ती. तुरुंगातून माणूस सुटून येतो. अब्जावधी वॉनचा दावा मात्र संघटनेच्या डोक्यावर वर्षानुवर्षे टांगलेला राहतो.

२००९ च्या आठ दिवसांच्या संपात या सगळ्याचा अनुभव येऊन गेला होता. कोरेलने सामूहिक करार एकतर्फी मोडला होता आणि पुढे मोठ्या प्रमाणावर शिक्षा आणि बडतर्फी झाली होती. त्यामुळे २०१३ मध्ये काय होणार हे कोणाला नवीन नव्हते.

समोरचे मार्ग

फक्त संसद आणि न्यायालयावर विसंबणे हा पहिला मार्ग. त्यात धोका कमी होता, पण कोरेलच्या संचालक मंडळाची बैठक १० डिसेंबरला होती आणि इतक्या थोड्या दिवसांत दोन्हीकडून काही हाती लागणार नव्हते.

दुसरा मार्ग पूर्वसूचना न देता सगळे ठप्प करण्याचा. दबाव जबरदस्त आला असता. पण २०११ च्या निकालाने ज्याला गुन्हा म्हटले होते तो नेमका हाच प्रकार.

तिसरा मार्ग तारीख आधी जाहीर करून, अत्यावश्यक माणसे कामावर ठेवून संप करण्याचा. संघटनेने हाच घेतला. त्याची किंमत पहिल्या दिवसापासून दिसली. केटीएक्स आणि उपनगरी गाड्या निम्म्याहून अधिक प्रमाणात चालत राहिल्या आणि फटका बसला तो मुख्यतः मालगाड्यांना, कारण मालवाहतूक अत्यावश्यक सेवेत येत नव्हती. प्रवाशांची गैरसोय कमी म्हणून लोकांचा राग कमी, पण सरकारवरचा ताणही कमी. असा संप लांबवावाच लागतो. या प्रकरणातला हा सर्वांत महत्त्वाचा निर्णय, आणि तो बरोबर होता हे कळायला तीन वर्षांहून जास्त काळ जावा लागला.

चौथा मार्ग परदेशातून प्रत्यक्ष बहिष्काराचा. इथे बंदर आणि रेल्वे यांतला फरक समजून घेतला पाहिजे. १९९८ मध्ये ऑस्ट्रेलियात गोदी कामगारांना एका रात्रीत काढून टाकले, तेव्हा बदली कामगारांनी माल भरलेले 'कोलंबस कॅनडा' हे जहाज मे महिन्यात लॉस एंजेलिसला पोचले आणि तिथल्या गोदी कामगारांनी ते रिकामे करायला नकार दिला. जहाज माल घेऊन परत गेले. जहाज दुसऱ्याच्या धक्क्याला लागते म्हणून हे शक्य झाले. दक्षिण कोरियाची रेल्वे मात्र कोणत्याच देशाच्या रेल्वेला जोडलेली नाही, उत्तरेला युद्धबंदीची सीमा आणि बाकी तिन्ही बाजूंना समुद्र. परदेशातला रेल्वे कामगार या संपासाठी स्वतःचे काम थांबवून काही अडवू शकत नव्हता. देशातल्या ट्रक चालकांच्या संघटनेने रेल्वेचा माल वाहणार नाही असे जाहीर केले, बहिष्काराची खरी ताकद होती ती तिथे.

म्हणून परदेशातल्या संघटनांकडे उरले तीन रस्ते : कोरियन सरकारच्या प्रतिमेवर दबाव, आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेकडे म्हणजे आयएलओकडे तक्रार, आणि व्यापारी करारांतली कामगारविषयक कलमे. पहिला जलद पण उथळ, दुसरा संथ, तिसरा त्याहून संथ पण सगळ्यांत जड.

संप सुरू झाल्यावर

पहिल्याच दिवशी कोरेलने चार हजारांवर कामगारांना पदावरून दूर केले (ही बडतर्फी नव्हे). पुढे हा आकडा आठ हजारांच्या वर गेला. चौकशी नाही, सुनावणी नाही, संपात आहे एवढे पुरेसे. १० डिसेंबरला संचालक मंडळाने नव्या कंपनीला मंजुरी दिली. त्याच दिवशी कोरिया विद्यापीठात एका विद्यार्थ्याने हाताने लिहिलेला फलक लावला. 'तुमचे सगळ्यांचे बरे चालले आहे ना?' असा साधा प्रश्न त्यात होता आणि हजारो रेल्वे कामगारांवरच्या कारवाईचा उल्लेख. तसे फलक देशभर लागले. संपाला जनतेचा जो पाठिंबा मिळाला त्यात या कागदाचा वाटा मोठा आहे.

१५ डिसेंबरच्या रात्री ग्वाचनमधल्या सरकारी संकुलाच्या स्थानकावर ८४ वर्षांच्या एक बाई उतरताना दारात अडकल्या आणि गाडी सुटली. त्या दगावल्या. दारे उघडबंद करायला त्या गाडीवर गार्ड नव्हता, बदली म्हणून आणलेला परिवहन विद्यापीठाचा विद्यार्थी होता. दार लावण्याआधी फलाटाकडे शेवटपर्यंत नजर ठेवणे, दार पूर्ण बंद झाल्याची खात्री करणे आणि मगच चालकाला निघण्याची खूण देणे, हे काम बाहेरून सोपे दिसते. गर्दी, फलाटाचे वळण आणि घाईत उतरणारे म्हातारे प्रवासी यांत ते नजरेला आणि हाताला सवय लागूनच जमते. या मृत्यूनंतर विद्यार्थ्यांना या कामावर पाठवणे बंद झाले.

बाहेरच्या पाठिंब्याच्या दृष्टीने ही घटना फार महत्त्वाची होती. खासगीकरणाबद्दल परदेशी रेल्वे संघटना आपापल्या देशाच्या अनुभवातून बोलतात आणि त्यांना 'आमची परिस्थिती वेगळी' असे उत्तर मिळते. प्रशिक्षण नसलेल्या माणसाच्या हाती प्रवाशांनी भरलेली गाडी देणे मात्र कोणत्याही देशातल्या गार्डला आणि चालकाला लगेच कळते, आणि त्यावर ते अधिकाराने बोलू शकतात.

बाहेरून काय झाले

रेल्वे संघटना आंतरराष्ट्रीय वाहतूक कामगार महासंघाची, म्हणजे आयटीएफची सभासद होती. संप चालू असताना महासंघाने सोलला शिष्टमंडळ पाठवले, वेगवेगळ्या देशांतल्या कोरियन वकिलातींसमोर निदर्शने झाली, आणि अध्यक्षांचे कार्यालय, परिवहन मंत्रालय, कोरेल यांच्याकडे निषेधाची पत्रे गेली. आयएलओकडेही विषय गेला. तिथे कोरियाविरुद्धची १८६५ क्रमांकाची तक्रार १९९५ पासून उघडी होती, आणि कलम ३१४ चा संपकऱ्यांविरुद्धचा वापर थांबवा असे संघटना-स्वातंत्र्य समितीने सरकारला अनेकदा सांगितले होते. नवी माहिती त्याच फाईलला जोडली गेली. हे शहाणपणाचे होते. नवी तक्रार सुरुवातीपासून उभी राहते, जुन्या फाईलमध्ये मागच्या शिफारशी आधीच बसलेल्या असतात.

शिष्टमंडळ येण्याचा फायदा आकड्यांत सांगता येत नाही, पण तो खरा असतो. संपकऱ्यांना 'ऐदी सरकारी नोकर' म्हणून हिणवले जात असताना दुसऱ्या देशातला रेल्वे कामगार त्यांच्या व्यासपीठावर उभा राहतो, हे घरच्या माणसांना दिसते. बारा-पंधरा दिवस पगार नसलेल्या घरात याला किंमत असते.

पत्रांच्या मोहिमेत मात्र एक चूक सर्रास होते, आणि इथेही तिला वाव होता. पत्राचा मथळा 'खासगीकरण थांबवा' असेल तर सरकारचे उत्तर तयारच : हे खासगीकरण नाही, ४१ टक्के कोरेलचे आणि ५९ टक्के सार्वजनिक निधींचे. वाद तिथेच व्याख्येत अडकतो. त्याऐवजी 'पहिल्याच दिवशी चार हजार माणसांना सुनावणीशिवाय दूर का केले?' या प्रश्नाला सोयीचे उत्तर नाही.

आयएलओच्या बाबतीत तर हा भेद नियमातच आहे. सेवा सरकारी हातातून खासगी हातात द्यावी की नाही, यावर संघटना-स्वातंत्र्य समिती मत देत नाही. त्या प्रक्रियेत संघटनेशी भेदभाव झाला का, तिच्या कामात ढवळाढवळ झाली का, एवढेच ती तपासते. खासगीकरणाचे दुष्परिणाम सांगणारी चाळीस पाने जोडली तरी समितीच्या दृष्टीने ती बाजूलाच राहतात. उलट दोन तत्त्वे हाताशी असतात. रेल्वे ही काटेकोर अर्थाने अत्यावश्यक सेवा मानली जात नाही, म्हणून तिथे संपावर सरसकट बंदी बसत नाही, फक्त किमान सेवा ठरवता येते. आणि सभासदांच्या हितावर थेट परिणाम करणाऱ्या आर्थिक-सामाजिक धोरणाविरुद्ध संप करण्याचा हक्क समितीने मान्य केलेला आहे. कोरियाने तेव्हा आयएलओचे ८७ (संघटना स्थापण्याचे स्वातंत्र्य) आणि ९८ (सामूहिक वाटाघाटीचा हक्क) क्रमांकांचे करार स्वीकारले नव्हते, पण या समितीकडे जाण्यासाठी ते लागत नाही. देश आयएलओचा सभासद असणे पुरते.

परदेशी संघटनेला मदत मागताना एका पानात एवढे असावे :

- काय घडले ते तारखांसह, दहा ओळींत. पदावरून दूर केलेल्यांची आजची संख्या, कालची नव्हे.
- कोणते कलम लावले, त्यात शिक्षा किती, दावा कितीचा.
- पत्र कोणाला पाठवायचे ते पदनामासह, आणि प्रत संघटनेकडे कुठे द्यायची.
- एकच मागणी, आणि ती कधीपर्यंत हवी ती तारीख.
- त्या देशाचा कोरियाशी संबंध कुठे येतो : व्यापारी करार, सरकारी खरेदी, संसदेतला मित्रगट.

शेवटची ओळ बहुतेक जण विसरतात. ती नसली की सगळीकडून सारखीच पत्रे येतात आणि सगळी एकाच टेबलावर पडून राहतात.

२२ डिसेंबर

पुढाऱ्यांवर अटक वॉरंट निघाले होते. रविवार, २२ डिसेंबरला सुमारे पाच हजार पोलिसांनी सोलमध्ये कोरियन कामगार महासंघाच्या, म्हणजे देशातल्या कामगार संघटनांच्या शिखर संघटनेच्या मुख्यालयाला वेढा घातला. एका वृत्तपत्राच्या इमारतीत वरच्या मजल्यांवर हे कार्यालय. खालची काचेची दारे फोडून पोलीस जिन्याने एकेक मजला चढत गेले. १९९५ मध्ये महासंघ स्थापन झाल्यापासून पोलीस त्याच्या मुख्यालयात असे प्रथमच घुसले. शंभरावर लोकांना पकडले, पण ज्यांच्यासाठी आले ते पुढारी तिथे नव्हतेच. पोलिसांकडे अटकेचे वॉरंट होते, जागेच्या झडतीचे नव्हते. त्या दिवशीच्या गोंधळात हा तपशील कोणाला छोटा वाटला असता. पुढे एक कायदा त्यावरूनच अडला.

वेळ पाहा. २२ ला छापा, २७ च्या रात्री दहाच्या सुमारास मंत्रालयाने नव्या कंपनीला परवाना दिला. नेमक्या याच आठवड्यात युरोप-अमेरिकेतल्या कामगार संघटनांची कार्यालये नाताळच्या सुट्टीत अर्धी रिकामी असतात. सर्वांत जास्त दबाव हवा त्या पाच दिवसांत तो मिळवणे सर्वांत अवघड होते. २८ डिसेंबरला सोलमध्ये प्रचंड सभा झाली, आयोजकांच्या मते एक लाख लोकांची, पण परवाना आदल्या रात्रीच निघालेला होता.

तडजोड

३० डिसेंबरला सत्ताधारी आणि विरोधी पक्षांनी संसदेत रेल्वेविषयक उपसमिती नेमण्याचे मान्य केले. संघटनेने संप मागे घेतला आणि कामगार दुसऱ्या दिवशी कामावर गेले. परवाना तसाच राहिला. पदावरून दूर केलेल्यांचे काय, बडतर्फी होणार का, दावे मागे घेणार का, यावर त्या समझोत्यात काहीच नव्हते.

याचा परिणाम लगेच दिसला. कोरेलने संप चालू असतानाच ७७० कोटी वॉनचा दावा लावला होता, तो १,६२० कोटी वॉनपर्यंत वाढवला. संघटनेच्या मालमत्तेवर जप्ती मागितली. पुढारी जानेवारीत स्वतःहून हजर झाले. शंभरावर कामगार बडतर्फ झाले.

तेवीस दिवस पगार गमावलेले कामगार, भूमिगत पुढारी आणि हातून निसटलेला परवाना, अशा स्थितीत यापेक्षा जास्त मिळवता आले असते का? परवान्याच्या बाबतीत बहुधा नाही. सूडाच्या कारवाईबद्दल मात्र एक वाक्य तरी कागदावर आणायला हवे होते. मध्यस्थी करणारे खासदार समोर बसलेले असतात तेव्हाच ते मिळते. एकदा गाड्या सुरळीत झाल्या की त्यांना घाई उरत नाही.

पुढची वर्षे

डिसेंबर २०१४ मध्ये सोलच्या न्यायालयाने संघटनेच्या पुढाऱ्यांना कलम ३१४ खाली निर्दोष सोडले आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. उद्देशाबद्दल न्यायालये अनुकूल नव्हती. पण संपाची तारीख आधीच जाहीर होती, अत्यावश्यक सेवा राखली होती, कोरेलला तयारीला वेळ होता, मग 'अचानक' कसा, हा मुद्दा टिकला. संपाआधी दिलेली प्रत्येक नोटीस, कामावर ठेवलेल्यांची प्रत्येक यादी इथे पुरावा म्हणून उपयोगी पडली.

एप्रिल २०१८ मध्ये घटना न्यायालयाने त्या छाप्यातून आलेल्या प्रकरणात निर्णय दिला : अटक करायची आहे एवढ्यावर, झडतीच्या वॉरंटाशिवाय, तातडी न दाखवता दुसऱ्याच्या जागेत घुसू देणारी तरतूद घटनेशी विसंगत आहे. त्याच वर्षी फेब्रुवारीत कोरेलने २००३ पासूनच्या वेगवेगळ्या लढ्यांत बडतर्फ झालेल्या ९८ कामगारांना परत घेण्याचे मान्य केले. सुसोहून निघणाऱ्या गाड्या डिसेंबर २०१६ पासून धावत आहेत, आणि २०१८ मध्ये ती कंपनी सरकारी संस्थांच्या यादीत आली. भाग खासगी हातात गेलेले नाहीत. संपाने रेटलेल्या वादाचे हे फळ आहे असे मानायला जागा आहे, मात्र संघटनेने मागितलेली कायद्यातली बंदी आजही नाही.

व्यापारी कराराचा रस्ता सर्वांत उशिरा उघडला. युरोपीय संघ आणि कोरिया यांच्यातला मुक्त व्यापार करार जुलै २०११ पासून लागू होता, आणि त्याच्या तेराव्या प्रकरणात आयएलओची मूलभूत तत्त्वे पाळण्याचे आणि उरलेले करार स्वीकारण्यासाठी सतत प्रयत्न करण्याचे वचन होते. दोन्हीकडच्या कामगार संघटना वर्षानुवर्षे मागे लागल्या, तेव्हा डिसेंबर २०१८ मध्ये युरोपीय संघाने अधिकृत सल्लामसलत मागितली. जानेवारी २०२१ मध्ये या करारानुसार नेमलेल्या तज्ज्ञ मंडळाचा अहवाल आला. कामगाराची व्याख्या, नोकरीत नसलेल्यांना सभासद करणे, पदाधिकारी निवडणे, या बाबतींत कोरियन कायदा कमी पडतो असे त्यात म्हटले होते. करार स्वीकारण्याच्या प्रयत्नांत मात्र कोरियाने वचन मोडले असे मंडळाने ठरवले नाही. तरी अहवालानंतर तीन महिन्यांत, एप्रिल २०२१ मध्ये, कोरियाने आयएलओचे २९ (सक्तीच्या मजुरीविरुद्धचा), ८७ आणि ९८ हे तिन्ही करार स्वीकारले. एप्रिल २०२२ पासून ते लागू आहेत.

ऑगस्ट २०२५ मध्ये कोरियन संसदेने कामगार संघटना कायद्याची २ आणि ३ ही कलमे बदलली. संपासाठी नुकसानभरपाई वसूल करण्यावर त्यात मर्यादा आल्या. त्याआधी हेच विधेयक दोनदा अध्यक्षांच्या नकाराधिकाराने परत गेले होते.

काय वेगळे करता आले असते

तडजोडीतल्या त्या वाक्याबद्दल वर लिहिले आहे. दुसरी गोष्ट वेळापत्रकाची. संप डिसेंबरात असेल तर परदेशी संघटनांशी सुट्टीतली व्यवस्था नोव्हेंबरातच ठरवायला हवी : २० डिसेंबर ते ५ जानेवारी कोण फोन उचलणार, कोणाला सही करण्याचा अधिकार, छापा पडला तर त्याच संध्याकाळी कोणत्या तीन वकिलातींसमोर माणसे उभी राहणार.

तिसरी गोष्ट पैशाची. संघटनेच्या खात्यावर जप्ती येणार हे आधीच्या अनुभवावरून माहीत असते. बाहेरून येणारी मदत त्याच खात्यात आली तर तीही अडकते. कामगारांच्या कुटुंबांसाठीचा निधी आणि वकिलांचा खर्च वेगळ्या, कायदेशीरपणे स्वतंत्र संस्थेकडे ठेवणे, त्याचा हिशोब उघडा ठेवणे आणि परदेशी देणगीचे नियम आधी वकिलाकडून तपासून घेणे, हे सगळे संपाआधीच करायचे असते. जप्तीची नोटीस आल्यावर पैसा हलवला तर तो लपवाछपवीचा पुरावा होतो.

चौथी गोष्ट सर्वांत मोठी, आणि तिचा दोष एकट्या रेल्वे संघटनेकडे जात नाही. बाहेरचा पाठिंबा संप चालू असताना उफाळतो आणि संप संपला की ओसरतो. दावे, जप्ती, बडतर्फी मात्र तिथूनच सुरू होतात. संप संपल्याच्या दिवशीच पाठिंबा देणाऱ्या प्रत्येक संघटनेला पुढच्या तारखांचे एक पान जायला हवे : सुनावणी कधी, आयएलओच्या समितीच्या वर्षातल्या तीन बैठका कधी, व्यापारी करारावरची पुढची बैठक कधी, आणि त्या प्रत्येकीआधी कोणाकडून काय हवे. ही यादी सांभाळायला एक माणूस लागतो, भाषा येणारा आणि निदान दोन-तीन वर्षे त्याच कामावर राहणारा.

त्या यादीचे महत्त्व युरोपीय संघाच्या प्रकरणात कळते. संघाने तज्ज्ञ मंडळापुढे जे मुद्दे नेले त्यांत कलम ३१४ नव्हते. हजारो रेल्वे कामगारांवर ज्याची तलवार होती आणि आयएलओच्या फाईलमध्ये ज्यावर वीस वर्षे शिफारशी साचल्या होत्या, तोच विषय सर्वांत जड हत्यार चालले तेव्हा बाहेर राहिला. संपात भाग घेतल्याबद्दल सक्तमजुरीची शिक्षा देण्यावर बंदी घालणारा १०५ क्रमांकाचा करार कोरियाने २०२१ मध्ये स्वीकारलेल्या करारांत नव्हता. कलम ३१४ आजही फौजदारी कायद्यात आहे.